तीस वर्षं दुसऱ्या खुर्चीत
दहा वर्षांत मुख्य प्रशिक्षक झाला नाही तर साहाय्यक प्रशिक्षकाची कारकीर्द फुकट गेली, असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. बिल गथ्रिज यांचंच बघा ना. १९६७ साली ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे साहाय्यक झाले आणि तब्बल ३० वर्षं तिथेच राहिले. उंच खेळाडूंना घडवणं, बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचा सराव घोटून घेणं ही कामं त्यांची. संघाच्या १९८२ च्या राष्ट्रीय विजेतेपदाचं नाव काढलं की लोकांना मायकेल जॉर्डनचा बास्केट आठवतो, फार तर स्मिथ. गथ्रिज कुणाला आठवणार!

ऑक्टोबर १९९७ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, स्मिथ निवृत्त झाले आणि साठीला टेकलेले गथ्रिज मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात ३४ विजय, ४ पराभव. तीन हंगामांत दोनदा फायनल फोर (म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ), मग २००० साली निवृत्ती. तयार संघ आयता मिळाला, असं कुणी म्हणेलच (व्हिन्स कार्टर आणि अँटवन जेमिसन यांच्यासारखे तगडे खेळाडू होते, खरंय), पण तो तयार करण्यात त्यांचाही हात होताच की. आता साहाय्यकाला पगार कमी आणि नोकरीची शाश्वती नाही असं म्हणाल, तर तो मुद्दा मान्य. मुख्य प्रशिक्षक गेला की बहुतेक वेळा साहाय्यकांचंही चंबूगबाळं आवरावं लागतं.