आजेसासूबाईंच्या तन्मण्याचे मोती पिवळे पडले आहेत. ते बसऱ्याचे असतील का?

माजघर: माझ्या आजेसासूबाईंना १९४६ साली लग्नात घातलेला पाच सरांचा तन्मणी आता माझ्याकडे आला आहे. मोती ज्वारीच्या दाण्याएवढे असून दोन सर बरेच पिवळसर झाले आहेत आणि खोडाजवळचा (मधल्या पदकाजवळचा) दोरा विरला आहे. घरात सर्वजण हे मोती बसऱ्याचेच असल्याचे सांगतात. सराफाने मात्र मोत्यांचे वजन वजा करून केवळ सोन्याचा भाव देऊ केला. मोत्यांची परीक्षा कशी करावी? टूथपेस्टने घासल्यास पिवळेपणा जाईल का?

जुनी_पेटी: टूथपेस्ट कृपया लावू नका. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि इतर रत्नांच्या मानाने फार मऊ असतो, त्यामुळे घासल्याने त्याचे पाणी जाते, तर लिंबू किंवा व्हिनेगरने तो चक्क विरघळू लागतो. किंचित ओलसर मऊ कापडाने एकेक मोती पुसावा. जुना पिवळेपणा त्याने जाणार नाही, आणि माझ्या मते तो घालवण्याचा हट्टही धरू नये. तन्मणी पाण्यात बुडवू नका, कारण दोरा कुजतो आणि खोडातील खड्यांखाली डांक (चकाकीसाठीचा पातळ पत्रा) लावलेली असल्यास ती काळी पडते. (आमच्या घरी रिठ्याच्या पाण्यात एक खोड असेच वाया गेले.)

वेज: बसरा ही बाजारपेठ, मोती इराणच्या आखातातले, आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईत चाले. परंतु १९४६ हे साल पुरावा ठरत नाही, कारण जपानी संवर्धित मोती (शिंपल्यात मुद्दाम मणी घालून वाढवलेले) त्याआधीच बाजारात आले होते. दाताला खरखरीत लागणे ही परीक्षा केवळ काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती ओळखण्यापुरती आहे. संवर्धित मोतीही तसाच लागतो. दहापट भिंगातून वेजाच्या, म्हणजे दोरा ओवण्याच्या छिद्राच्या, आत पाहा: आतील मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये गडद रेघ दिसली, तर मोती संवर्धित समजावा. रेघ न दिसल्यास मात्र निर्णय एक्स-रे तपासणीनेच होतो.

माजघर: भिंगातून पाहिले. तीन पांढऱ्या सरांत जवळजवळ प्रत्येक मोत्यात रेघ आहे. पिवळ्या दोन सरांत एकाही मोत्यात दिसली नाही, आणि त्यांची वेजेही फार बारीक आहेत.

वेज: म्हणजे तीन सर बहुधा नंतर कधीतरी बदललेले आहेत आणि मूळचे असण्याचा संभव पिवळ्यांचाच अधिक आहे. पटवेकऱ्याकडे (दागिने ओवणाऱ्याकडे) देण्याआधी त्या दोन सरांतील मोती मोजून, छायाचित्र काढून, वेगळ्या मलमलीत बांधा आणि रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत तेवढेच तपासून घ्या. अहवाल हाती येईपर्यंत सराफाशी भावाचे बोलणे करू नका. पुढे ओवताना रेशमी दोरा वापरून प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारण्यास सांगा, म्हणजे दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटेल.




माजघर: आभारी आहे. पिवळ्या सरांत एकूण एकशे चौदा मोती भरले.