मदत हवी: २१४७४८३६४७ मूळ आहे हे दहावीच्या मुलांना कसं पटवून द्यावं?

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागला नववी-दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग घेते. मिरजेहून येणाऱ्या एका मुलीला कॉम्प्युटरच्या तासाला कळलं की ३२ बिटांत चिन्हासकट मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक २१४७४८३६४७, म्हणजे २^३१ − १. तिने विचारलं, "मॅडम, ही मूळ संख्या आहे का?" ऑयलरने १७७२ साली सिद्ध केलं, असं सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न: कसं?

मुलांनी फळ्यावर भागाकार सुरू केले. ३ ने बाकी १, ७ ने १, ११ ने १. सगळ्यांचे डोळे चमकले! पण १३ ने बाकी १० आली.

वर्गमूळ ४६३४० च्या जरासं पुढे. तिथपर्यंत ४७९२ मूळ संख्या, म्हणजे तेवढे भागाकार. ऑयलरची युक्ती अशी: क हा मूळ भाजक असेल तर २^३१ ला क ने भागून बाकी १, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने २^(क−१) लाही बाकी १. ३१ मूळ, म्हणून क−१ ला ३१ ने भाग जातो. क विषम, म्हणून ६२ नेही. इथवर मुलं झकास आली. २^११ − १ वर पडताळाही घेतला: २०४७ = २३ × ८९, दोन्ही २२न + १ या रूपातले.

अडलंय पुढे. क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च येते, म्हणून भाजक २४८न + १ किंवा २४८न + ६३ एवढेच. मग जेमतेम ३७२ उमेदवार उरतात. पण ही ८ ची अट पुस्तकांत वर्गशेषांवरून (वर्गसंख्यांना क ने भागून उरणाऱ्या बाक्यांवरून) येते. "पुस्तकात आहे म्हणून" असं मुलांना सांगणं मला पटत नाही. दहावीच्या गणितात बसेल अशी वाट आहे का?

प्रतिसाद १

मॅडम, वर्गशेषाचं नावही न घेता जमतं. २^३२ ला क ने भागून बाकी २, आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग. त्यामुळे फर्मानुसार २^((क−१)/२) ची बाकी १ यायलाच हवी. ती कधी येते?

क = ११ घ्या. २, ४, ६, ८, १० यांचा गुणाकार म्हणजे २^५ गुणिले १ ते ५ चा गुणाकार. आता निम्म्यापुढच्या ६, ८, १० मधून ११ वजा करा: −५, −३, −१. गुणाकार पुन्हा १ ते ५ चाच, फक्त वजाची तीन चिन्हं. म्हणून २^५ ची बाकी −१. ३२ + १ = ३३, जुळलं. निम्म्यापुढच्या सम संख्या मोजून सम भरल्या तरच बाकी १, आणि तसं क ला ८ ने भागून १ किंवा ७ उरतात तेव्हाच होतं.

प्रतिसाद २

जोडीला २^प − १ रूपातल्या संख्यांसाठीची ल्यूका-लेमर चाचणी दाखवा. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. ३१ साठी, म्हणजे २^५ − १ साठी: ४, १४, ८, ०. शून्य आलं, मूळ. तुमच्या संख्येला हेच २९ वेळा. २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ ची खात्रीही याच चाचणीने केली.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! १७ वर करून पाहिलं: ८ च्या पुढे १०, १२, १४, १६, चार आल्या. आणि ६ चा वर्ग ३६, १७ ने भागून बाकी २! उद्या १९ आणि २३ मुलांकडे सोपवते.