आयएसएलचे (इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचे) जुने प्रेक्षक दूर जात आहेत का? मदत हवी आहे

मंडळी, एफसी गोवाच्या सामन्यांना मडगावच्या फातोर्डा मैदानात एकत्र जाणारा आमचा जुना कंपू विस्कटत चाललाय. पूर्वी तिकिटं कोण काढणार यावरून भांडणं व्हायची. आता ग्रुपवर विचारलं की नुसते अंगठे येतात, गाडीत बसायला कोणी नसतं.

मला वाटतं दुखणं जुनं आहे. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे जुने क्लब आय-लीग या देशातल्या जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, तेव्हाच बापाकडून पोराकडे आलेली निष्ठा तुटली. (पुणेकरांचं दुःख तर आणखी मोठं, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंदच पडला.) आयएसएलमध्ये 2024-25 च्या मोसमापर्यंत तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये जायची भीती नव्हती, त्यामुळे मोसमाच्या शेवटी बऱ्याच सामन्यांत जीवच नसायचा. त्यात 2025 मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीगच्या आयोजकांच्या करारापायी मोसमच लटकला.

फातोर्डा, मुंबईत अंधेरी किंवा पुण्यात बालेवाडीला पूर्वी नेमाने जाणाऱ्यांनो, कृपया सांगा: तुमचं जाणं नेमकं कशामुळे सुटलं? उशिराच्या सामन्यांमुळे, आवडता खेळाडू गेल्यामुळे, की आणखी कशामुळे? आणि जुन्या मित्रांना पुन्हा मैदानात आणणं कोणाला जमलंय का? कसं जमवलंत ते जरा सविस्तर लिहा.