मदत हवी आहे: रांगा वेगळ्या केल्या तरी स्विच 65 टक्क्यांपुढे सरकेना

नमस्कार मंडळी. सांगलीत ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट: ब्रॉडबँड नेटवर्कसाठी 8×8 क्रॉसबार स्विच, म्हणजे आठपैकी कुठलंही इनपुट कुठल्याही आउटपुटला जोडणारा. आधी सी++मध्ये सिम्युलेशन, जमलं तर शेड्युलर (कोण कुणाला कधी जोडायचं ते ठरवणारा भाग) एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट बसवता येणाऱ्या चिपवर.

सुरुवातीला प्रत्येक इनपुटला एकच फिफो (आधी आला तो आधी) रांग होती. पूर्ण लोडला थ्रूपुट (क्षमतेच्या किती टक्के डेटा खरंच पार जातो ते) 62 टक्क्यांना चिकटलं. आठ दिवस बग शोधला, तो नव्हताच! हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग. कॅरोल आणि सहकाऱ्यांच्या 1987च्या पेपरात हाच आकडा आहे: 8 पोर्टांना 61.8, पोर्ट वाढवत नेले की 58.6. (बाबांना मार्केट यार्डावर समजावलं: पुढची हळदीची गाडी अडली की मागचा बेदाणेवाला, त्याचा सौदा मोकळा असूनही, गेटवरच बसतो.)

म्हणून आता प्रत्येक इनपुटला आठ रांगा, दर आउटपुटला एक, म्हणजे व्हीओक्यू (व्हर्च्युअल आउटपुट क्यू). इनपुट मागणी करतं, आउटपुट राउंड-रॉबिन (पाळीपाळीने फिरणाऱ्या) पॉइंटरने एकाला ग्रँट, म्हणजे परवानगी, देतं आणि पॉइंटर त्याच्या पुढच्या घरावर नेतं, इनपुट आलेल्यांपैकी एक ग्रँट घेतं. मागणी-ग्रँट-स्वीकाराची फेरी एकच, कारण सेकंदाला 10 गिगाबिट वेगाला 64 बाइटचा सेल (डेटाचा ठरावीक मापाचा तुकडा) 51.2 नॅनोसेकंदांत संपतो. थ्रूपुट? 65 ते 66! आठपट रांगा करून कमावले चार टक्के. सर म्हणाले, रँडम जनरेटर बदल. बदलला. ढिम्म.

कृष्णाकाठ: इनपुटने ग्रँट घेतली नाही, तरी पॉइंटर हलवताय का?

धागाकर्ता: हो, दर वेळी.

कृष्णाकाठ: मग घोळ तिथंच. पॉइंटर एकाच घरावर गोळा होतात, तीन-चार आउटपुटं एकाच इनपुटला ग्रँट देतात, कामी येते एक. ग्रँट नुसत्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या असत्या तर एखादं इनपुट कोरडं राहायची शक्यता 7/8चा आठवा घात, म्हणजे 34 टक्के. उरले 66. बिचाऱ्या जनरेटरला कशाला बोल? निक मॅक्योन यांच्या आयस्लिप या शेड्युलिंगच्या पद्धतीतली खुबी एवढीच: ग्रँट स्वीकारली गेली तरच पॉइंटर हलवा. मग सगळ्या रांगा भरलेल्या असल्या की पॉइंटर आपोआप वेगवेगळ्या घरांवर पांगतात. फेऱ्या वाढवल्यात तर पॉइंटर फक्त पहिल्या फेरीत हलवा, नाहीतर एखादी रांग उपाशी मरेल.

साताऱ्याचा_वायरमन: 51 नॅनोसेकंदांना घाबरू नका राव. 200 मेगाहर्ट्झ घड्याळाला दहा टिक मिळतात. ग्रँटला एक, स्वीकाराला एक धरलं तर तीन फेऱ्या सहा टिकांत. आठ बिटांचा आर्बिटर (आठांतून एकाला निवडणारं सर्किट) एका टिकात बसायला हरकत नसावी, पण टायमिंग रिपोर्ट बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

धागाकर्ता: एक if वाढवला फक्त. 99च्या वर! दादा, उपकार झाले. पण दर इनपुटची अर्धी ट्रॅफिक त्याच्या ठरलेल्या एकाच आउटपुटवर टाकून बघितली तर परत घसरतंय. हे अपेक्षित आहे का अजून काही चुकतंय?

कृष्णाकाठ: अपेक्षित आहे. आयस्लिपचा 100 टक्क्यांचा दावा समान ट्रॅफिकपुरता, म्हणजे सगळ्या आउटपुटांना सारखी वाटलेली असेल तर. फेऱ्या तीन करून आलेख टाका इथंच, मग बोलू.