अनुभव धागा: जुन्या गाडीत करंट कमी का पडतो?

सेल्फ मारला की कण्हत फिरतो, हेडलाइट पिवळट, हॉर्न बसका, ब्लोअर आणि वायपर एकदम लावले की सगळंच मंद. अशा वेळी घाईने नवी बॅटरी आणली जाते आणि मूळ दोष तसाच राहिल्यामुळे काही महिन्यांत तीही बसते. म्हणून हा धागा. दोष कुठे सापडतो, तो कसा मोजायचा, आकडा किती यायला हवा, एवढं नेमकं लिहा.

सुरुवात मीच करते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता बॅटरीचे व्होल्ट बघा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली रिकामीच समजा. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला, तर तिचा दम संपला आहे. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 हवेत.

काळी वायर

बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ जड असेल तर माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी आणि इंजिनला जाणाऱ्या काळ्या वायरवर असतो. पेट्रोल गाडीचा सेल्फ सहज 150 अँपिअर ओढतो. वाटेत फक्त 0.01 ओहमचा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जळतो.

कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटर (पुढे नुसता मीटर) डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर लावा (क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर) आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. 0.2 पर्यंत ठीक, 0.5 दिसला तर रस्ता खराब. मग तोच रस्ता तुकड्यांत मोजा: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या तुकड्यात आकडा उडी मारतो, दोष तिथेच.

इंजिन-बॉडी जोडणारी विणलेली पट्टी जरूर बघा. वरून ती धड दिसते. लगजवळचं (बोल्टखाली बसणाऱ्या टोकाच्या कडीजवळचं) रबर मागे सारलं की आतल्या तारा हिरव्या पडलेल्या असतात आणि नखाने खरवडल्या तर भुगा होतो. ती साफ करण्यात वेळ घालवू नका, बदला. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा.

ओहम मोजून फसू नका

वरच्या मुद्द्याला जोडून. जाड केबलच्या वीसपैकी एकोणीस तारा तुटल्या असल्या तरी साधा मीटर शून्य ओहमच दाखवतो, कारण त्याचा स्वतःचा करंट नगण्य असतो. केबलची परीक्षा लोड असतानाच.

हेडलाइट

55 वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. जुन्या वायरिंगमध्ये हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. दिवे लावून बल्बच्या होल्डरवर मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त फरक असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. व्होल्टेज 10 टक्के घटलं तर उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो, त्यामुळे फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

जोडणी: बॅटरीपासून 2.5 चौरस मिलिमीटर वायर, बॅटरीच्या अगदी जवळ 15 अँपिअरचा फ्यूज, मग रिलेची 30 नंबर पिन. 87 बल्बला, 86 जुन्या स्विचच्या वायरला, 85 अर्थला. डिपर आणि अपरला वेगळे रिले. ज्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूने दिवे लावतो, तिथे 85-86 ची जोडणी बदलते, आधी तपासा. जास्त वॉटचे बल्ब घालून उजेड वाढवायला जाऊ नका, स्विच वितळतो.

चार्जिंग

दिवे आणि ब्लोअर लावून, इंजिन 2000 फेऱ्यांवर धरून मोजा. 13.5 च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) पट्टा, मग त्याचे कार्बन ब्रश, मग रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग). 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळेल. मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोडवर (अल्टरनेटरचा एसी करंट डीसी करणाऱ्या भागांवर) संशय घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. चावी फिरवल्यावर तो बल्ब लागतच नसेल तर आधी बल्ब बदला.

आणि कळकळीची विनंती: चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासू नका. व्होल्टेजचा झटका बसून डायोड आणि रेग्युलेटर जातात.

रात्रीत उतरणारी बॅटरी

चावी काढा, दारं बंद करा, निगेटिव्ह वायर सोडवून मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर मधे जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालेल. डिकीतला 5 वॉटचा दिवा लागून राहिला तर 400 मिलिअँपिअर जातात, म्हणजे 45 एएचची (अँपिअर-अवरची) भरलेली बॅटरी चार-पाच दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडेल ते सर्किट दोषी. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर बॅटरीची वायर सुटलेली असतानाच अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता पडला तर डायोड गळतोय.