कागद असताना कुलदैवत कशाला विचारता?

सह्यवारा: आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १९५० आधीची 'ठाकूर' नोंद आहे. तरी अनुसूचित जमातीचा दावा तपासताना पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येऊन विचारतं, कुलदैवत कोणतं, लग्नात विधी कोणते, नाच कोणता. दोन पिढ्या शहरात गेल्यावर नातवंडं काय डोंबल सांगणार? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सांगितलंय की अ‍ॅफिनिटी टेस्ट, म्हणजे चालीरीती विचारून जमातीशी नातं तपासणारी हीच चाचणी, ही अंतिम कसोटी नाही, राज्यघटनेआधीच्या कागदाला सर्वांत जास्त वजन. मग ही तोंडी परीक्षा बंदच करा.

रानमेवा: साफ असहमत. नुसत्या 'ठाकूर'वरून काय कळतं? ते आडनावही आहे. 'कोळी' लिहिलंय म्हणून अनुसूचित जमातीतला महादेव कोळीच कशावरून? १९७६ पर्यंत ठाकूर जमातीला सवलती अकोले, इगतपुरी, जुन्नर, कर्जत अशा ठराविक तालुक्यांतच होत्या. संसदेनं ती अट काढली आणि नामसाधर्म्यावर दाखले काढणाऱ्यांचं फावलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दावा अवैध ठरला तर नोकरीला संरक्षण नाही. राज्य सरकारनं २०१९ मध्ये काय केलं? अशांना 'अधिसंख्य', म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदांवर बसवलं. आणि तुम्ही उरलीसुरली गाळणीही काढा म्हणताय!

सह्यवारा: अट काढली ती तालुक्याच्या शिवेपलीकडच्या खऱ्या ठाकूर लोकांसाठी. ते सगळे बोगस?

खडकवाट: दोघंही कागदवाल्यांबद्दलच भांडताय. रायगड-ठाण्यातल्या कातकऱ्यांचं काय? अनेकांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, सातबाऱ्यावर नाव नाही, पावसाळा संपला की बिऱ्हाड वीटभट्टीवर. दाखवायला आहे ती बोली, देव आणि सोयरीक. कागदच श्रेष्ठ धरलात तर पहिला कातकरीच बाद होणार. ज्याच्यासाठी ही चाचणी हवी त्याला अर्ज कुठे करायचा हेही कुणी सांगत नाही.

रानमेवा: +१. म्हणूनच म्हणतोय, चाचणी हवीच.

सह्यवारा: त्यांच्यासाठी खुशाल ठेवा. माझ्या कागदावर संशय असेल तर मूळ रजिस्टर मागवा, खाडाखोड शोधा, खोटा निघाला तर गुन्हा नोंदवा. सख्ख्या काकाला जमातीचा दावा खरा ठरल्याचं वैधता प्रमाणपत्र आणि पुतण्याला नकार, असेही निकाल लागतात. एकाच घरात जमात बदलते का, याचं उत्तर रानमेवांनी द्यावं.

रानमेवा: काकाचं प्रमाणपत्र कसं मिळालं होतं, ते आधी तपासू.