स्पियानाडा मूळचा व्हेनिसकाळातला

ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरच्या कॉर्फू शहरातला स्पियानाडा चौक ब्रिटिशांनी घडवला, असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. चौकातला राजवाडा आणि तिथले क्रिकेट ही ब्रिटिशांची देणगी, हे मान्य; परंतु एवढी विस्तीर्ण मोकळी जागा शहराला लाभली ती व्हेनिसच्या राजवटीत, जुन्या किल्ल्यासमोरची घरे पाडून तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे ठेवल्यामुळे. १७१६ मध्ये ऑटोमन वेढा परतवून लावणारा व्हेनिसचा सेनापती शुलेनबर्ग याचा पुतळा आजही किल्ल्याच्या प्रवेशाजवळ उभा आहे. पश्चिमेकडील लिस्टन ही कमानींची देखणी रांग तर फ्रेंच अमलातली, म्हणजे १८०७ ते १८१४ या काळातली आहे.

आता चौकाच्या उत्तरेकडच्या राजवाड्याबद्दल. माल्टाहून आणलेल्या दगडात तो १८१९ पासून बांधला गेला आणि तो बांधवून घेणारा इथला ब्रिटिश प्रशासक थॉमस मेटलंड त्यापूर्वी सिलोनचा गव्हर्नर होता. दर्शनी स्तंभांच्या वरच्या पट्टीवर आयोनियन बेटांची (कॉर्फू ज्यांपैकी एक आहे, त्या द्वीपसमूहाची) चिन्हे कोरलेली आहेत. त्यांत कॉर्फूचे चिन्ह म्हणजे सुकाणू नसलेले प्राचीन जहाज, ते मान वर करून अवश्य पाहावे. याच इमारतीत आता आशियाई कलेचे संग्रहालय आहे. मुख्यतः चिनी आणि जपानी वस्तूंसाठी ते ओळखले जात असले, तरी तिथे भारतीय शिल्पेही आहेत, आणि आपल्यापैकी जे कॉर्फूला जाणार असतील त्यांनी केवळ लिस्टनखाली कॉफी पिऊन परतू नये, असे मला मनापासून वाटते.